आखाती युद्धाचा हिशेब कोणी मांडायचा?

१९९१ च्या आखाती युद्धाचा विषय निघाला की बोलणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. एका तटाच्या मते ते संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार तीसहून अधिक देशांनी मिळून लढलेले, इराकने बळकावलेल्या कुवेतला मुक्त करणारे आणि कमालीच्या अचूक शस्त्रांनी जिंकलेले युद्ध होते. दुसऱ्या तटाच्या मते ती तेलासाठी आखलेली आणि जाहिरातबाजीच्या जोरावर लोकांच्या गळी उतरवलेली अमेरिकी मोहीम होती. पुरावे दोघांकडेही आहेत. मात्र समोरच्याचा पुरावा तपासताना जी चिकाटी दिसते ती स्वतःचा पुरावा हाताळताना नाहीशी होते, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

सर्वांत गाजलेले उदाहरण नायिराच्या साक्षीचे आहे. १० ऑक्टोबर १९९० रोजी पंधरा वर्षांच्या या कुवेती मुलीने वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींसमोर रडत सांगितले की, इराकी सैनिकांनी रुग्णालयातील काचेच्या पेट्यांमधून नवजात बालकांना बाहेर काढून थंड फरशीवर मरायला टाकले. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ही हकिकत अनेकदा सांगितली, आणि अमेरिकी सिनेटमध्ये युद्धाचा ठराव ५२ विरुद्ध ४७ अशा निसटत्या बहुमताने मंजूर होण्यापूर्वी काही सदस्यांनी भाषणांत तिचा दाखला दिला. ही मुलगी अमेरिकेतील कुवेती राजदूतांची कन्या आहे आणि तिची साक्ष एका जनसंपर्क कंपनीच्या मदतीने घडवून आणली होती, हे उघड व्हायला जानेवारी १९९२ उजाडला. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवाधिकार संस्थेने डिसेंबर १९९० च्या अहवालात हा आरोप ग्राह्य धरला होता. कुवेत मुक्त झाल्यावर तिथे जाऊन चौकशी केली तेव्हा त्याला विश्वासार्ह आधार सापडला नाही, आणि संस्थेने एप्रिल १९९१ मध्ये तसे जाहीरही केले. ज्याचा अहवाल त्यानेच दुरुस्त करावा, असे युद्धकाळात फार क्वचित घडते.

अडचण पुढे येते. ही एक साक्ष खोटी ठरली म्हणून कुवेतमधील अत्याचारांच्या साऱ्याच कथा बनावट होत्या, असा निष्कर्ष युद्धाचे टीकाकार सर्रास काढतात. वास्तविक सात महिन्यांच्या त्या कब्जात नागरिकांना गोळ्या घालणे, छळ, लुटालूट आणि माणसे उचलून इराकमध्ये नेणे हे सारे घडले. सुमारे सहाशे माणसे बेपत्ता झाली, आणि परतताना इराकी सैन्याने सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवून दिल्या. ॲम्नेस्टीने एक आरोप मागे घेतला, पण बाकीचे कायम ठेवले. टीकाकारांच्या लेखनात या वाक्याचा पहिला अर्धा भागच तेवढा उरतो.

शस्त्रांच्या अचूकतेची कथाही अशीच आहे. १५ फेब्रुवारी १९९१ रोजी बुश यांनी पॅट्रियट या, शत्रूची क्षेपणास्त्रे हवेतच पाडणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या कारखान्यात सांगितले की, ४२ पैकी ४१ इराकी स्कड क्षेपणास्त्रे अडवली गेली. पुढे अमेरिकी लष्कराने सौदी अरेबियात ८० टक्के आणि इस्राएलमध्ये ५० टक्के यश असल्याचा दावा केला, तो नंतर ७० आणि ४० टक्क्यांवर आणला, आणि एमआयटी या अमेरिकी तंत्रज्ञान विद्यापीठाचे थिओडोर पोस्टॉल यांनी दूरचित्रवाणीच्या फिती तपासून खरे यश नगण्य असावे असे मांडले. लष्कराच्या समर्थकांनी उत्तर दिले की, साध्या कॅमेऱ्याला एवढ्या वेगाच्या घटना नीट टिपताच येत नाहीत. ही हरकत रास्त आहे, पण ज्यांच्या हाती त्याहून चांगला पुरावा असायला हवा होता त्यांनी आपले आकडे दोनदा का खाली आणले, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. २५ फेब्रुवारीला सौदी अरेबियातील दहरानच्या बराकीवर स्कड कोसळून २८ अमेरिकी सैनिक मरण पावले. तिथली पॅट्रियट यंत्रणा शंभर तास सलग चालू राहिल्याने तिच्या कालगणनेत सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांश इतकी चूक साचली होती. हे निदान अमेरिकी संसदेच्याच लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात आहे.

मृतांच्या संख्येवरचा वाद मला सर्वांत बोलका वाटतो. अमेरिकी जनगणना विभागातील लोकसंख्याशास्त्रज्ञ बेथ दापोंते यांनी १९९२ मध्ये एकूण इराकी मृत्यू १,५८,००० असल्याचा अंदाज दिला, तेव्हा त्यांना नोकरीवरून काढण्याची तयारी झाली आणि गाजावाजा झाल्यावर ती गुंडाळली गेली. आता हा आकडा फोडून पाहावा. त्यात सुमारे ४०,००० सैनिक आणि १३,००० नागरिक थेट युद्धात मेलेले आहेत. वीज, पाणी आणि मलनिस्सारण उद्ध्वस्त झाल्याने नंतर मेलेले सुमारे ७०,००० आहेत. उरलेले बहुतांशी युद्धानंतरच्या शिया आणि कुर्द उठावांत मेले, जे सद्दामच्या फौजेने चिरडले. टीकाकार अखंड बेरीज घेऊन ती बॉम्बवर्षावाच्या खात्यावर मांडतात. समर्थक फक्त सैनिकांचा आकडा पाहतात, आणि तोही अतिशयोक्त आहे असे म्हणतात. जॉन हायडेनरिच या माजी गुप्तचर विश्लेषकाने १९९३ मध्ये, युद्धकैद्यांत जखमी फार थोडे होते यासारख्या आधारांवर, मृत सैनिक काही हजारच असावेत असा युक्तिवाद केला होता. तो युक्तिवाद मान्य केला तरी गढूळ पाण्याने मेलेल्या माणसांच्या रकान्याला त्याचा स्पर्शही होत नाही.

आपणही या हिशेबातून सुटत नाही. १९९० मध्ये कुवेत आणि इराकमधून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना, मुख्यतः जॉर्डनमधील अम्मानमार्गे, एअर इंडियाच्या विमानांनी परत आणले गेले. ही आठवण आपण अभिमानाने सांगतो आणि तो अभिमान योग्यच आहे. त्याच प्रकरणावरच्या २०१६ सालच्या हिंदी चित्रपटाने सरकारी यंत्रणा उदासीन रंगवली म्हणून परराष्ट्र मंत्रालयाने नाराजीही व्यक्त केली. परंतु जानेवारी १९९१ मध्ये चंद्रशेखर सरकारच्या परवानगीने अमेरिकी लष्करी मालवाहू विमाने मुंबईत उतरून इंधन भरत होती, आणि काँग्रेसच्या विरोधानंतर फेब्रुवारीत ती सोय बंद झाली, हा प्रसंग त्या अभिमानाच्या कथनात मला सहसा आढळत नाही. अलिप्त राष्ट्र म्हणून आपली भूमिका सांगताना तो वगळायचा आणि दुसऱ्यांच्या वृत्तांतांतील गाळलेल्या ओळी मोजायच्या, हे मला पटत नाही.