पोरीचा बाप्तिस्मा आणि आमचे अकरा महिने

आमची मुलगी सात आठवडे आधी झाली. वजन पावणेदोन किलो. नऊ दिवस काचेच्या पेटीत होती आणि आम्ही बाहेरच्या बाकावर. चौथ्या दिवशी माझी आजी नगरहून एसटीने एकटीच पुण्याला आली. वय ब्याऐंशी. एका हातात डबा, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. संध्याकाळी पिशवीतून टॉवेल काढताना खाली एक छोटी स्टीलची वाटी दिसली.

"वाटी कशाला गं?"

"पाळकसाहेबांना फोन लाव. ते नाही आले तर मी आहे."

आजी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. जगेल की नाही अशा बाळाला सिस्टर लोक घाईघाईने तीन थेंब पाणी ओतून बाप्तिस्मा द्यायचे, हे तिने कितीदा पाहिलेलं. पण इथे आत आईशिवाय कुणालाच सोडत नव्हते. दारावरच्या सिस्टरने आजीला नम्रपणे, पण ठामपणे अडवलं. आजी बाकावर येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बिनबाप्तिस्म्याची गेली म्हणजे?"

त्या वाक्याने मी हादरले. त्याहून जास्त हादरले ते हे लक्षात आल्यावर, की माझ्याही मनात तेच चाललं होतं.

मुलगी वाचली. सव्वा महिना झाला, बारसं झालं, नाव ठेवलं. आणि मग खरा प्रश्न सुरू झाला, कारण आमच्या घरात दोन चर्च आहेत.

मी नगरची. आमची चौथी पिढी ख्रिस्ती, मूळची अमेरिकन मराठी मिशनची, आता सी.एन.आय., म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. आमच्याकडे दोन-तीन महिन्यांचं बाळ पांढऱ्या झबल्यात वेदीपाशी नेतात, पाळक कपाळावर पाणी घालतात, मागून सगळी मंडळी गाते, नंतर केक आणि समोसे. पंधरा-सोळाव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे तोच विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करणं. नवरा पिंपरीचा, पेंटेकॉस्टल घरातला. त्यांच्याकडे बाळाचं समर्पण करतात, म्हणजे पाणी न घालता प्रार्थना करून बाळ देवाला वाहतात. बाप्तिस्मा मात्र ज्याला स्वतःला कळतं, जो उभा राहून साक्ष देतो, त्यालाच, आणि तोही हौदात पूर्ण बुडवून. नगरकडे या लोकांना "बिलिव्हर" म्हणतात, जणू बाकीचे आम्ही नास्तिकच.

लग्नाच्या वेळी हा विषय निघाला होता. "बघू तेव्हा," असं दोघांनी म्हटलं होतं. ज्यांचं लग्न ठरतंय त्यांना एकच सांगेन, तेव्हाच बघा.

सासूबाई गोड बोलतात. "प्रेझ द लॉर्ड बेटा, बाळ देवाचंच आहे. पाण्यानं काय होतंय? तिला कळू दे, ती स्वतः मागेल." आजी फोनवर गोड बोलत नव्हती. "पोरीला काय जत्रेत ठेवलीय का, नाव ना नोंद?" आणि मी रात्री दोन वाजता दूध पाजताना मोबाइलवर बायबलातल्या लुदिया आणि स्तेफनाच्या ओव्या शोधत होते, ज्यांच्या सबंध घराण्याचा बाप्तिस्मा झाला.

एका रविवारी जेवल्यावर चौघं प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय उघडून बसलो. फिलिप्पैच्या बंदिशाळेचा अधिकारी, त्याच रात्री त्याचा आणि त्याच्या घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला. मी म्हणाले, "सगळ्यांचा. म्हणजे तान्ही पोरंही आलीच." नवऱ्याने पुढची ओवी वाचली, की घरच्या सर्वांसह देवावर विश्वास ठेवून तो हर्षित झाला. "तान्ही पोरं विश्वास कसा ठेवतात?" सासरे वरणाची वाटी बाजूला सारत म्हणाले, "त्याच्या घरात तान्हं होतं हे कुठं लिहिलंय?" आणि खरंच, कुठंच लिहिलेलं नाही. होतं असंही नाही, नव्हतं असंही नाही. दोन हजार वर्षं माणसं या न लिहिलेल्या बाळावरून भांडताहेत.

शेवटी मी आमच्या पाळकसाहेबांकडे गेले. मनात होतं की ते माझी बाजू घेतील आणि मी घरी जाऊन जिंकेन. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "तुला माहीत आहे का, तुमच्याच चर्चमध्ये दोन्ही चालतं?"

मला माहीत नव्हतं. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन सी.एन.आय. झालं. त्यात अँग्लिकन होते, आमच्या मिशनच्या मंडळ्या ज्यात होत्या ते युनायटेड चर्च होतं, आणि तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा न देणारे बाप्टिस्टही होते. यातलं कुणीच आपलं सोडायला तयार होईना, तेव्हा दोन्ही पद्धती मान्य करूनच एकी झाली. आईबापांनी बाळाचा बाप्तिस्मा करावा, नाहीतर समर्पण करून मूल मोठं झाल्यावर त्याचा करावा. "पन्नास वर्षं होऊन गेली," पाळकसाहेब म्हणाले, "पण आपल्या नगरकडच्या लोकांनी मला कधी विचारलंच नाही. फक्त एक आहे, दोनदा नाही. बाळपणी झाला तर झाला. उद्या तिला हौदात उतरावंसं वाटलं तर मी तिला उतरवू शकणार नाही."

मग त्यांनी जडसनची गोष्ट सांगितली, ती मी घरी येताना रिक्षात परत परत घोळवली. 1812 साली अमेरिकेहून मिशनऱ्यांची पहिली तुकडी हिंदुस्थानाकडे दोन जहाजांनी निघाली. बंगालात केरी वगैरे बाप्टिस्ट भेटणार, त्यांच्याशी वाद घालावा लागणार, म्हणून ॲडोनिराम जडसन जहाजावर बाळबाप्तिस्म्याचा अभ्यास करत बसला. करता करता त्यालाच पटेनासं झालं. कलकत्त्याला उतरल्यावर त्याने आणि त्याच्या बायकोने बुडून बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्या जहाजाने आलेल्या ल्यूथर राइसचंही थोड्या दिवसांत तेच झालं. ज्या मिशनने पाठवलं तिला राजीनामा द्यावा लागला. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेला. आणि त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र आपल्या जुन्या मतावर राहिले आणि फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला उतरले. तीच आमची मराठी मिशन, जी 1831 मध्ये नगरला पोचली. म्हणजे माझ्या पणज्याच्या डोक्यावर पाणी पडलं ते या वादात हॉल आणि नॉट हलले नाहीत म्हणून. घरी नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बघ, अभ्यास केला तो आमच्यात आला." दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या भेटीला पाळकसाहेबांनी दोघांना बोलावलं आणि गृहपाठ दिला. मी नवऱ्याची बाजू एका पानावर लिहायची, त्याने माझी. चिडचिड झाली, पण लिहिलं.

लिहिताना मला माझीच गोष्ट आडवी आली. मला बाप्तिस्मा का हवा होता? ती काचेची पेटी, आजीची वाटी, आणि नगरच्या घरात भिंतीवर असलेला माझा पांढऱ्या झबल्यातला फोटो. भीती आणि फोटो. जुन्या काळच्या संत ऑगस्टीनचं तर मी वाचून हसलेच. लहानपणी पोटदुखीने मरायला टेकला तेव्हा त्याच्या आईने, मोनिकाने, घाईने बाप्तिस्म्याची तयारी केली. पोरगं बरं झालं आणि बाप्तिस्मा पुढे ढकलला गेला. शेवटी झाला तो 387 साली मिलानला, तेव्हा तो तिशी ओलांडलेला, आणि बाजूला त्याचा स्वतःचा पंधरा वर्षांचा मुलगा. बापलेक एकाच रात्री. धोका टळला की निकड संपते, हे तेव्हाही तसंच होतं. मग ती निकड कसली होती?

तिकडे नवऱ्याने माझी बाजू लिहिता लिहिता एक गोष्ट मला लग्नानंतर चार वर्षांनी पहिल्यांदा सांगितली. त्याचा बाप्तिस्मा चौदाव्या वर्षी, लोणावळ्याजवळच्या युवक शिबिरात झाला. साक्ष दिली, रडलाही. "पण खरं सांगू? माझे तिन्ही मित्र उठले म्हणून मी उठलो. मी एकटाच मागे बसून राहिलो असतो तर कसं दिसलं असतं?" विश्वास नंतर आला, कॉलेजात, वडिलांच्या आजारपणात. म्हणजे ज्याला कळून घेतलेला म्हणतात तो त्याचा बाप्तिस्माही आधी पाणी आणि मागून विश्वास असाच होता. माझ्यासारखाच. फक्त पाणी जास्त.

याच दिवसांत आम्ही केडगावला पंडिता रमाबाईंनी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये गेलो. रमाबाई आमच्या दोन्ही घरांना आपल्याच वाटतात. माझ्या माहेरी त्यांच्या विद्वत्तेसाठी, सासरी 1905 च्या मुक्तीतल्या संजीवनासाठी, म्हणजे तिथे उसळलेल्या प्रार्थनेच्या लाटेसाठी. सासूबाईंच्या तोंडी "रमाबाईंसारखी प्रार्थना" हा वाक्प्रचारच आहे. आणि रमाबाईंचं काय आहे? 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस, संस्कृत पंडिता, स्वतः विचार करून, भांडून घेतलेला. आणि त्याच दिवशी अडीच वर्षांच्या मनोरमेचाही. तिला कुणी विचारलं नाही. मोठी झाल्यावर मनोरमाबाई शेवटपर्यंत आईच्याच कामात राहिल्या. तिथल्या चिंचेखाली बाळाला मांडीवर घेऊन बसलेला नवरा म्हणाला, "रमाबाई एवढ्या हट्टी. त्यांनी मुलीला थांबवलं नाही."

इथे आमचा घोटाळा पूर्ण झाला. तिसऱ्या भेटीला तो म्हणाला, बाप्तिस्मा करूया. मी म्हणाले, थांबूया. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुम्ही दोघांनी खुर्च्या बदलल्या का?"

थांबणं म्हणजे कुठलीच बाजू न घेणं, असं मला आधी वाटायचं. तसं नाही ते. आम्ही पोरीला न विचारता नाव दिलं, पोलिओचा डोस दिला, मराठी दिली, रविवारी चर्चला नेतो, झोपताना प्रार्थना म्हणतो. आणि नेमकं पाण्यापाशी येऊन म्हणायचं, "तुझं तू ठरव"? यात एक खोट आहे आणि ती मला अजूनही टोचते. पण भीतीपोटी केलेला बाप्तिस्मा मला नको होता, तेवढंच मला नक्की कळत होतं.

शेवटी ठरलं ते फारशा आध्यात्मिक कारणाने नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, "त्या दिवशी तुमच्याबरोबर पुढे कोण उभं राहील?" बाप्तिस्मा केला तर सासूसासरे आले असते, पण बाकावरच बसले असते, त्यांच्या मनाला ते पटत नाही आणि खोटं "हो" त्यांना म्हणता येणार नाही. समर्पण केलं तर सगळे उभे राहणार होते, आजी सोडून. आणि दुसरं, आज नाही केला तर उद्या करता येतो. आज केला तर उद्या पुसता येत नाही. नवरा थोडा नाराज होता. अजून थोडा आहे.

आजीला सांगायला मी स्वतः नगरला गेले. ती रेव्हरंड टिळकांची ख्रिस्ती गाणी म्हणत वाढलेली बाई, म्हणून मी पाळकसाहेबांनी दिलेलं हत्यार काढलं. म्हटलं, आजी, नारायण वामन टिळकांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1895 चा, तेहतिसाव्या वर्षी. आणि 1917 मध्ये त्यांनी देवाचा दरबार नावाचा बंधुवर्ग काढला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही शिष्यांसाठी. आजी मेथी निवडत होती. म्हणाली, "टिळक ब्राह्मणाच्या घरात जन्मले, त्यांना कोण देणार होतं बाळपणी? तू ख्रिस्त्याच्या घरात जन्मलीस." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मेथी निवडायला बसले.

समर्पण जुलैत झालं, मुलगी अकरा महिन्यांची असताना. भर पावसात. नगरहून गाडी करून सगळे आले, आजीसुद्धा, नऊवारी नेसून. पाळकसाहेबांनी आम्हाला प्रश्न विचारले, की हिला प्रभूच्या शिकवणीत वाढवाल का, तिच्यासमोर तसं जगाल का. आणि मंडळीला विचारलं, यांना साथ द्याल का. बाळाच्या बाप्तिस्म्यात आईबापांना साधारण हेच विचारतात. अकरा महिने आम्ही पाण्यावर भांडलो, आणि आमच्या वाट्याची ओळ दोन्हीकडे एकच निघाली. मंडळीने "होय" म्हटलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. आजीचे ओठ हलले की नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही. ती वाटी मात्र तिने जाताना आमच्या ओट्यावर ठेवली. पोर अजून तिच्यातच नाचणीची पेज खाते.

उपासनेनंतर व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या रजिस्टरांच्या खोलीत, वेगळीच अडचण. चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं रजिस्टर आहे, लग्नाचं आहे, दफनाचं आहे. समर्पणाचं नाही, कारण कुणी केलंच नव्हतं. सेक्रेटरीकाकांनी शंभर पानी वही आणवली, पट्टी घेऊन रेघा मारल्या, पहिल्या पानावर "बालक समर्पण" लिहिलं आणि खाली क्रमांक 1.

यंदा शाळेचा प्रवेश. मिशनची शाळा, ख्रिस्ती मुलांसाठी काही जागा, आणि अर्जासोबत बाप्तिस्म्याचा दाखला. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, दाखल्याशिवाय ख्रिस्ती कसं धरायचं? मी जडसनपासून सुरुवात करणार होते, पण मागे रांग होती. पाळकसाहेबांकडून शिक्क्याचं पत्र आणलं, वहीतल्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडली. बाई आत जाऊन विचारून आल्या. अर्ज घेतला. दाखल्याच्या रकान्यात निळ्या पेनने लिहिलं, "प्रलंबित".

फोनवर आजीला वाचून दाखवलं. "मी पण तेच म्हणत होते," ती म्हणाली, आणि पोरीचा खोकला कसा आहे ते विचारू लागली.