पण गरम हाये

"मीठ कमी हाये रे, पण गरम हाये."

संध्याकाळी आई कापूस वेचणीवरून आली. ओटी सोडली, हातपाय धुतले आणि सवयीने चुलीकडे वळली, तर ताट वाढलेलं. मी चून (पिठलं) केलं होतं, यूट्यूबवर मधुराज रेसिपी पाहून. वाटीभर बेसन आधी गार पाण्यात कालवायचं म्हणजे गुठळ्या होत नाहीत. लसूण-मिरचीची फोडणी, ३ वाट्या पाणी, उकळी आली की बेसन ओतून ढवळत राहायचं. वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. २० मिनिटांचं काम. भाकरी शेजारच्या काकूंनी टाकून दिल्या, त्या मला अजून जमत नाहीत.

मास्टरशेफमध्ये परीक्षक घास घेतात तेव्हा स्पर्धक कसे श्वास रोखून उभे असतात, तसाच मी उभा होतो. पऱ्हाटीच्या बोंडांनी आईची बोटं खरचटलेली. भाकर मोडायलाही त्रास होत होता. तरी ती चुनावर फुंकर मारत होती.

आईला फुंकर मारून खाताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

कारण ती शेवटी बसते. बाबा, मी, ताई उठलो की मग. तोवर सगळं निवलेलं असतं. २७ वर्षं मी याच घरात जेवतोय आणि हे मला आज दिसलं, याचं फार वाईट वाटतंय. स्वयंपाक शिकायचा तो पुण्यात रूमवर कामी येईल म्हणून, एवढंच डोक्यात होतं.

उद्या मीठ नीट टाकतो.

तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं?