लावणीपुरते आलेले आजोबा

गिरणी संपाबद्दल कुठेही वाचलं तर ते मुंबईबद्दलच असतं. १८ जानेवारी १९८२, डॉ. दत्ता सामंत, अडीच लाखांच्या आसपास कामगार, मग गिरण्यांच्या जमिनी, मॉल, टॉवर. सगळं खरंय, पण आमच्या घरापुरता तो संप घडला संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत, आमच्या ओटीवर, आणि त्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितेय.

आजोबा लोअर परळच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. राहायला डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत गावच्या मंडळाची खोली, १६० स्क्वेअर फूट, त्यात सगळे गाववाले, ज्याची पाळी सुटेल त्याने पथारी टाकायची आणि ज्याची लागेल त्याने उचलायची, जेवण खानावळीत. बायकापोरं गावाला. हे काही फक्त आमच्याकडेच नव्हतं, अख्ख्या वाडीची तीच रीत, मुलगा मुंबईला गिरणीत आहे म्हणजे स्थळ चांगलं. आजोबा गणपतीला यायचे, रजा मिळाली तर शिमग्याला, कधी मे महिन्यात. लग्न १९६२ चं, म्हणजे संपापर्यंत वीस वर्षांचा संसार झालेला, पण दोघं एका छपराखाली राहिले ते दिवस जोडले तर दोन वर्षं तरी भरतील का शंका आहे.

बाकीचा संसार मनीऑर्डरवर. फॉर्मवर निरोपासाठी एवढीशी जागा असायची, त्यातच सगळं बसवायचं, मुलांना सांभाळ, यातून बैलाचे पैसे दे, गणपतीला येतो. आजीला वाचता येत नव्हतं, पोस्टमन तिचा अंगठा घ्यायचा, पैसे मोजून द्यायचा आणि निरोप वाचून दाखवायचा. नवरा काय म्हणतोय ते तिने इतकी वर्षं पोस्टमनच्या आवाजात ऐकलं, हे मला मोठं झाल्यावर कळलं तेव्हा कसंतरीच झालं. आजीला त्यात काही वाटत नव्हतं, म्हणाली पैसे कधी चुकले नाहीत त्यांचे, आणि ते ती इतक्या अभिमानाने म्हणाली की मी गप्प बसले.

संप लांबत गेला तशी खानावळीची उधारी वाढत गेली आणि जूनमध्ये आजोबा भाताच्या लावणीपुरता जाऊन येतो म्हणून गावाला आले. ते कायमचेच आले. संप मागे घेतला असं कोणी कधी जाहीर केलंच नाही, त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं ते बोलावणं येईल म्हणून थांबले होते, गिरणीचं कार्ड ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी जपून ठेवलेलं.

आणि मग ते दोघं एकत्र राहायला लागले. आजी सांगायची की पहिलं वर्ष फार जड गेलं. घरात पैसा नाही हे तर होतंच, पण हा माणूस दिवसभर घरात आहे याची कोणालाच सवय नव्हती. साच्यांच्या आवाजात आयुष्य गेलेलं त्यामुळे साधं पाणी मागितलं तरी ओरडल्यासारखं, गुरं बिथरायची, आणि त्यांना स्वतःला कमी ऐकू यायचं. रातपाळीची सवय, रात्री झोप नाही, मग ओटीवर बिड्या ओढत बसायचे आणि आजीला पहाटे उठून पेज करायची असायची. शेतीचं सगळं तोवर आजीच बघत होती, बी कुठलं, जोताला कोण, कुणाकडे किती गडी द्यायचे, वाडीच्या बैठकीतही तिला विचारायचे. आता घरात कर्ता पुरुष आला म्हटल्यावर माणसं त्यांना विचारायला लागली आणि ते जे सांगायचे ते बहुतेक वेळा चुकीचं असायचं. आजी सगळ्यांसमोर एक शब्द बोलायची नाही आणि रात्री भांडायची. मला वाटतं तिच्या हातून काय गेलं ते कोणी नीट समजूनच घेतलं नाही. आम्हीसुद्धा नाही.

पण त्याच पावसाळ्यात आजोबांना कळलं की आजीला ताक चालत नाही, लगेच सर्दी होते. वीस वर्षांनी. त्यानंतर मी बघते तोवर ते ताकाचा तांब्या तिच्यासमोरून उचलून स्वतःकडे ओढून घ्यायचे, काही न बोलता. गिरणीत आवाजामुळे हातवाऱ्यांनीच बोलायचे ना, त्या खुणा त्यांनी आजीला शिकवल्या, ती खालच्या खाचरात आणि ते वरच्या बांधावर, जेवायला ये, बैल सुटलाय, पाऊस येतोय, सगळं हातानेच. उतारवयात त्यांचे कान पूर्ण गेले तेव्हा घरात आजी एकटीच त्यांच्याशी नीट बोलू शकायची.

आत्या तेव्हा दहा वर्षांची. सुरुवातीला ती त्यांना बघून माजघरात पळायची, नंतर त्यांच्याच पाठीमागे हिंडायची. आत्या अजून म्हणते संपामुळे मला बाप मिळाला. बाबांना हे वाक्य सहन होत नाही. ते सतरा वर्षांचे होते, संपाच्या पुढच्याच वर्षी मुंबईला गेले, त्याच खोलीत, आजोबांच्याच पथारीवर, मिळेल ते काम करायला. लग्न झाल्यावर मात्र ते आईला तीन महिन्यांत डोंबिवलीला घेऊन आले, एका खोलीत, पागडीचे पैसे उसने घेऊन, आणि आजोबा चिडले की लावणीला माणूस कमी पडेल तेव्हा आजीच मध्ये पडली आणि जाऊ दे तिला म्हणाली.

दर गणपतीत आत्या आणि बाबांचा यावरून वाद होतो. आजीचं सगळं ऐकलेलं असल्यामुळे मी मनातून आत्याच्या बाजूची आहे, आजी-आजोबांचा खरा संसार ८२ नंतरचाच असं मला ठाम वाटतं. पण बाबांची दहावीची मार्कशीट मी पाहिलीये, जून १९८२ ची, एकाहत्तर टक्के, त्यामुळे त्यांच्यासमोर मी ते कधी बोलत नाही.