तुम्ही विचारलंत म्हणून: कोणती प्रोसेस मारू?

"मशीन अडकतंय, कोणती प्रोसेस मारू?" लिनक्स वापरणारे ओळखीचे लोक मला हे सारखं विचारतात. माझं म्हणणं एकच: प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, मारायची (सक्तीने बंद करायची) घाई नको, आधी ते कशासाठी अडकलंय ते बघा.

टर्मिनलमध्ये टॉप (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) चालवलं की 'फ्री' मेमरी जेमतेम दिसते आणि माणूस घाबरतो. पण लिनक्स रॅम रिकामी ठेवतच नाही. एकदा वाचलेल्या फाइली तिथे धरून ठेवतं, प्रोग्रामला जागा लागली की सोडून देतं. खरा आकडा 'अव्हेलेबल'चा, म्हणजे गरज पडली तर प्रोग्रामांना मिळू शकेल त्या मेमरीचा. टॉपमध्ये तो स्वॅपच्या (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेच्या) ओळीच्या टोकाला असतो, म्हणून हमखास नजरेतून सुटतो. ८ जीबीच्या मशीनवर फ्री २०० एमबी आणि अव्हेलेबल ४ जीबी असेल, तर रॅमला हात लावू नका. एचटॉपमध्ये (टॉपसारखाच, पण रंगीत) हे जास्त सोपं: मेमरीच्या पट्टीतला हिरवा भाग प्रोग्रामांचा, पिवळा कॅशचा, म्हणजे धरून ठेवलेल्या फाइलींचा.

मग लोड ॲव्हरेज बघा, म्हणजे सरासरी किती प्रोसेस काम करतायत किंवा वाट बघत थांबल्यायत. शेवटच्या १, ५ आणि १५ मिनिटांचे तीन आकडे. चार कोअरच्या मशीनवर लोड ९ आणि तरी सीपीयू ८० टक्के रिकामा, असं दिसलं की तो प्रश्न मला सर्वांत आवडीचा वाटतो. लिनक्स लोडमध्ये फक्त सीपीयूच्या रांगेतल्या प्रोसेस मोजत नाही, डिस्कची वाट बघत अडकलेल्याही मोजतं. अशा वेळी सीपीयूच्या ओळीत 'डब्ल्यूए' (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) चढलेला असतो आणि प्रोसेसची अवस्था सांगणाऱ्या 'एस'च्या रकान्यात 'डी' (वाट बघत अडकलेली) दिसतो. जुनी हार्ड डिस्क किंवा संथ पेनड्राइव्हवर चाललेली मोठी कॉपी, बहुधा तिथेच दुखणं असतं. 'डी'मधली प्रोसेस बऱ्याचदा किल -९ नेही (किल ही प्रोसेस बंद करायची कमांड, -९ म्हणजे सक्तीने) जात नाही, डिस्ककडून उत्तर येईपर्यंत ती तशीच बसते. पेनड्राइव्ह उपटू मात्र नका, फाइल अर्धवट राहील.

खरंच एखादी प्रोसेस बेफाम झाली असेल तर आधी नुसतं किल द्या. त्यातून १५ नंबरचा सिग्नल (प्रोसेसला पाठवलेली सूचना) जातो, प्रोग्रामला फाइली नीट बंद करायला सवड मिळते. ९ मध्ये ती सवड नाही, म्हणून ते अगदी शेवटी.

आणि 'एस'च्या रकान्यात 'झेड' दिसला तर किल देऊन उपयोग नाही. ती झॉम्बी, म्हणजे आधीच संपलेली प्रोसेस. रॅम-सीपीयू जवळपास काहीच खात नाही. यादीत फारच साचल्या तर त्यांची पॅरेंट प्रोसेस (त्यांना सुरू करणारी) शोधून ती बंद करा.