एष्टु की केवढ्याला?

जुलैचा दुसरा आठवडा. बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या बाजूला चार दिवस पावसाने उघडीप दिली नव्हती. आमच्या मराठी शाळेत सहावी-सातवी एकाच खोलीत बसतात आणि कौलांवर पाऊस कोसळायला लागला की शेवटच्या बाकापर्यंत ओरडून शिकवावं लागतं. त्या दिवशी मात्र शिकवायचं कमी आणि दाखवायचं जास्त होतं. युरोप खंड संपत आला होता. कुठला देश बघूया म्हणून विचारलं, तर पोरांनी एका सुरात सिनेमातल्या गाण्यांचा देश सांगितला, स्वित्झर्लंड.

लॅपटॉप माझा, प्रोजेक्टर शेजारच्या गावातल्या शाळेकडून मागून आणलेला, इंटरनेट मोबाइलचं. रेंज फक्त खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात येते, म्हणून मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून गजाला बांधला होता.

आधी अर्थातच बर्फ. युंगफ्राउयोखला ३४५४ मीटर उंचीवर १९१२ पासून रेल्वे जाते आणि तिथला थेट कॅमेरा घरबसल्या बघता येतो. आपले अकरा म्हणजे उन्हाळ्यात तिथले सकाळचे साडेसात, हे मुलांनी बोटं मोजून काढलं. कॅमेरा उघडला तर भिंतभर नुसतं पांढरं धुकं. "सर, हे चोर्ल्याच्या घाटागत दिसतंय की!" एक मुलगी म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. मग क्षेत्रफळ बघितलं. तो देश ४१,२८५ चौरस किलोमीटर आणि आपला बेळगाव जिल्हा १३,४१५. आपल्यासारखे तीन जिल्हे जोडले की जवळपास एक देश होतो, हे कळल्यावर स्वित्झर्लंड त्यांना एकदम आवाक्यातला वाटायला लागला.

मला खरं दाखवायचं होतं ते बील नावाचं गाव. आदल्या रात्री मी ते शोधून ठेवलं होतं. स्टेशनवरच्या निळ्या पाटीचा फोटो तुकड्या-तुकड्याने उघडत गेला. पांढऱ्या अक्षरांत आधी एक नाव, मग तिरकी रेघ, मग दुसरं. पोरं एकेक इंग्रजी अक्षर लावत वाचू लागली. बील जर्मन, ब्येन फ्रेंच. २००५ पासून गावाचं अधिकृत नावच ते जोडनाव आहे.

"एकाच गावाला दोन नावं?"

"बेळगाव आणि बेळगावी," मागून कुणीतरी म्हणालं. क्षणभर फक्त कौलांवरचा पाऊस ऐकू येत होता. २०१४ साली नाव बदललं तेव्हा ही मुलं पाळण्यात होती, पण घरातलं बोलणं त्यांच्या कानावर असतंच.

मी पुढे गेलो. स्टेशनसमोरच्या चौकाची पाटीही दोन्ही भाषांत. दोन्ही ओळी भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून बघितल्या, तर अर्थ एकच, स्टेशन चौक. त्या देशाच्या चार राष्ट्रीय भाषा आहेत, जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श. रोमान्श बोलणारे जेमतेम साठ हजार, तरी १९३८ साली लोकांनी मत देऊन तिला तो मान दिला. यावर घरी कोकणी बोलणारी सहावीतली मुलगी ताठ बसली. मी खिशातली दहाची नोट काढून तिच्या हातात दिली आणि मागच्या बाजूचा भाषांचा रकाना वाचायला सांगितला. चौथी ओळ कन्नड, सहावी कोकणी, आठवी मराठी, शेवटची उर्दू. ती नोट वर्गभर फिरली. आमच्या तालुक्यातल्या चारही भाषा तिच्यावर आहेत, हे मलाही त्या दिवसापर्यंत असं मोजून कधी सुचलं नव्हतं.

तिथे सगळं गोडीगुलाबीने झालं असं मात्र मुलांच्या डोक्यात भरवणं मला पटत नाही. बील ज्या बर्न प्रांतात आहे, त्याच प्रांतातून फ्रेंच बोलणाऱ्यांचा ज्युरा हा भाग मोठ्या आंदोलनानंतर १९७९ मध्ये वेगळा झाला. मुतिए या छोट्या गावाने कुठल्या प्रांतात राहायचं यासाठी २०२१ मध्ये मतदान केलं आणि ज्युराची निवड केली. आदल्या रात्री हे वाचताना मी लॅपटॉप बाजूला ठेवून बराच वेळ तसाच बसलो होतो. १९५६ पासून या भागातल्या आमच्या तीन पिढ्या काय मागत आल्या, ते माझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं. वर्गात एवढंच म्हणालो, "तिथल्या लोकांना विचारलं गेलं."

मग सातवीतल्या मुलीने नेमका प्रश्न विचारला. "सर, मग दुकानात कुठल्या भाषेत बोलायचं?"

बीलची रीत मी वाचली होती. जो आधी तोंड उघडेल, त्याच्या भाषेत समोरच्याने उत्तर द्यायचं.

कधी हात वर न करणारा एक पोरगा उभा राहिला. "सर, आमची आज्जी पण असंच करतीय की. रस्त्याला अळंबी घेऊन बसतीय न्हवं? गाडीतनं गिऱ्हाईक 'एष्टु' म्हटलं तर कन्नडात भाव सांगतीय, 'केवढ्याला' म्हटलं तर मराठीत. खरं पैसे मोजताना मराठीतच मोजतीय." आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.

ती बाई एक दिवस शाळेत गेलेली नाही. पोरांच्या मराठीत कन्नड शब्द आला की मी वर्षानुवर्षं तो लाल शाईने गोल करत आलो आहे. त्या क्षणी टेबलावरच्या वह्यांकडे बघवेना.

एवढ्यात वीज गेली. प्रोजेक्टर बंद पडला, पण कुणी जागचं हललं नाही. अंधारातच मुलांनी पुठ्ठे कापले आणि आपापल्या गावाची पाटी दोन्ही लिप्यांत लिहायला घेतली. आज्जीचं सांगणाऱ्या त्या मुलाची आई बैलहोंगलकडची, कन्नड मुलखातली. त्याची कन्नड अक्षरं सगळ्यांत वळणदार निघाली, आणि दोन बाकांवरची मुलं त्याच्याभोवती गोळा झाली.

शनिवारी घरी जाताना जांबोटी रस्त्यावर गाडी थांबवली. छत्रीखाली, पानांवर अळंबीचे वाटे लावून आज्जी बसली होती.

"एष्टु, अज्जी?"

"नूर इप्पत्तु," तिने लगेच सांगितलं. एकशे वीस.

मी दोनशेची नोट दिली. अळंबी पानात बांधून तिने माझ्या हातात दिली, कमरेची पिशवी सोडली आणि दहाच्या नोटा एकेक करून माझ्या तळहातावर ठेवत ओठातल्या ओठात मोजू लागली, दहा, वीस, तीस, चाळीस...