पैसे कटले, पण स्पीकर बोललाच नाही

अंबाजोगाईत सरकारी दवाखान्याजवळ माझं मेडिकल आहे. केज, धारूर, परळीकडची माणसं चिठ्ठी घेऊन येतात, पैसे मात्र कितीदा तरी पुण्याहून येतात. मी स्कॅनरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, लेकानं तिकडून रक्कम टाकायची आणि आईनं इथून औषधं न्यायची, अशी रीतच पडलीय.

असंच एका मावशींचं इन्सुलिन होतं. लेक फोनवर म्हणाला, "काका, कटले बघा पैसे." पैसे जमा झाले की बोलून सांगणारा दुकानातला स्पीकर मात्र गप्प. माझ्या ॲपमध्येही नोंद नाही. त्यानं स्क्रीनशॉट पाठवला, त्यावर 'पेंडिंग'. स्क्रीनशॉटवर मी कधीच माल देत नाही, खोटे बरेच फिरतात. पण हा खोटं बोलणारा असता, तर 'सक्सेसफुल'चाच पाठवला असता की! मावशींना परत दुसऱ्यांदा पैसे मागायचे कसे? साडी असती तर बाजूला ठेवली असती. बर्फाच्या पाकिटात घालून इन्सुलिन दिलं. बिलाच्या मागं त्या व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर, म्हणजे ओळख क्रमांक, लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी माझ्या बँकेत गेलो. "पैसे ज्याचे कटले त्यानंच तक्रार करायची," एवढंच उत्तर. बोलणं तुटक, पण बरोबर होतं. लेकाला सांगितलं, ॲपच्या हिस्ट्रीत तोच व्यवहार उघडून तिथूनच तक्रार टाक. गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नको, तिथं ठग बसलेत.

रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम आहे: खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला मिळाल्याची खात्रीच आली नाही, तर व्यवहारानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढं दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. मुदतीच्या आतच लेकाच्या खात्यात रक्कम परत आली आणि त्यानं ती लगेच मला टाकली. या वेळी स्पीकर खणखणीत बोलला.

आता गल्ल्याशेजारी अडकलेल्या व्यवहारांची वही ठेवलीय: नाव, रक्कम, यूटीआर. धाकटा भाऊ तिला 'नवी उधारी' म्हणतो. म्हणू दे. मावशी दर महिन्याला इन्सुलिन माझ्याकडूनच नेतात, आणि लेक पैसे टाकायच्या आधी विचारतो, "काका, नेटवर्क आहे ना?"