उरलेले पेढे कुठे आहेत?

धुळवडीला कॅज्युअल्टीत डोळ्यांत रंग गेलेले, फुगा लागून गाल सुजलेले आणि बाइकवरून पडलेले येतच असतात. परळच्या एका हॉस्पिटलात मी स्टाफ नर्स आहे. त्या दिवशी माझी दुपारची ड्युटी होती. अडीचच्या सुमारास लालबागच्या एका चाळीतल्या चौघांनी एका मुलाला उचलून आणलं. वय २६, कानापर्यंत हिरवा रंग, छातीवरचा शर्ट मुठीत घट्ट धरलेला. "सिस्टर, माझं हार्ट बंद पडतंय." मागून आई धापा टाकत आली. तिच्या हातात अर्धं कापलेलं लिंबू होतं.

पल्स १४२. ओठ सुकलेले, डोळे लालभडक. इसीजीत ठोके जलद होते, बाकी काही नव्हतं. साखरही ठीक होती. डॉक्टरांनी मित्रांना बाजूला घेतलं, तेव्हा कळलं. भांगेचे पेढे. अकरा वाजता एक खाल्ला, तासाभरात काहीच जाणवेना, म्हणून वर आणखी दोन.

माणूस फसतो तो इथेच. गांजा ओढला की काही मिनिटांत कळतं. खाल्लेली भांग पोटातून यकृतात जाते, तिथे तिच्यापासून आणखी तीव्र रसायन तयार होतं आणि मग ती चढते. त्याला अर्ध्या तासापासून दोन तासही लागतात. एकदा चढली की सहा-आठ तास, कधी त्याहूनही जास्त, उतरत नाही. नशा उतरवणारं इंजेक्शन नाही. लिंबू, ताक, चिंचेचं पाणी आपल्याकडे घरोघरी पाजतात, पण अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशात ते ओतलं तर श्वासनलिकेत जाऊ शकतं. मावशींच्या हातातलं लिंबू मी हळूच काढून घेतलं.

मित्रांना बाहेर बसवलं. कोपऱ्यातली खाट दिली, पडदा ओढला, वरची ट्यूब बंद केली. डॉक्टरांनी लोराझेपामचा, म्हणजे घाबरणं शमवणाऱ्या औषधाचा, हलका डोस दिला. तरी तो घड्याळाकडे बघून पुन्हा पुन्हा विचारत होता, "किती तास झाले?" झालेली असायची चार मिनिटं. भांगेत वेळ अशीच ताणली जाते आणि आपण यातून कधीच बाहेर पडणार नाही असं वाटत राहतं. मग मी त्याच्या मनगटावर मायक्रोपोरची पट्टी चिकटवली आणि पेनाने लिहिलं : २.५५ – १३८. थोड्या वेळाने खाली ३.२० – १३०. "हे बघ, कमी होतंय. ही भांग आहे, उतरणार. मी इथेच आहे." तो बोट ठेवून आकडे वाचायचा आणि तेवढ्यापुरता शांत व्हायचा.

चौथा आकडा लिहिताना माझ्या डोक्यात आलं, पेढे काय तीनच आणले असतील?

"मावशी, उरलेले पेढे कुठे आहेत?"

"घरीच. टेबलावर डबा आहे."

"घरी लहान कोण?"

"नात. चार वर्षांची. रंग खेळून दमली, झोपलीय."

मी म्हटलं, आत्ता फोन लावा आणि तिला उठवायला सांगा. फोनवर सूनबाईंचा आवाज हळूहळू चढत गेलेला मला बाजूला उभं राहून ऐकू येत होता. पोर डोळे उघडत होती आणि लगेच मिटत होती. डब्यातला एक पेढा कमी होता.

वीस मिनिटांत तिला घेऊन आले. मान आईच्या खांद्यावर लुळी पडलेली, केसांत गुलाल, ओठाच्या कडेला खवा वाळलेला. मोठ्या माणसाला घाबरवून सोडणारी मात्रा एवढ्याशा जिवाला बेशुद्धीत नेते, श्वास मंदावू शकतो. ऑक्सिजन लावला, साखर तपासली, वॉर्डबॉय मामांनी स्ट्रेचर धावतच लहान मुलांच्या आयसीयूत नेलं. झोपलीय म्हणून तिला संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली असती तर, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

तिच्या काकाची पल्स रात्री साडेआठला ९२ वर आली. पट्टीवर जागा उरली नव्हती, म्हणून शेवटचा आकडा मी त्याच्या तळहातावर लिहिला.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाण्याआधी मी वर गेले. पोर उठून बसली होती, दुधात बिस्किट बुडवत होती. तो खाटेशेजारी स्टुलावर बसला होता. मनगटावरची पट्टी तशीच होती.

"सिस्टर, डबा मीच उघडा ठेवला होता," तो म्हणाला.

मी दुसरं स्टूल ओढून त्याच्याजवळ बसले. ड्युटीला अजून दहा मिनिटं होती.